मोज्यांची सकाळ

१

सामान हलवणाऱ्या कंपनीत सगळे तिला मांडणीबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. लोक घर बदलतात, त्यांचं सामान खोक्यांत भरायचं, ट्रकमध्ये चढवायचं, नव्या घरी उतरवायचं, हा कंपनीचा धंदा. भरणारे वेगळे, उचलणारे वेगळे. हिचं काम त्यांच्या आधी आणि त्यांच्या नंतर. आधी खोलीच्या दारात उभं राहायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदाच नजर फिरवायची आणि डोळे मिटायचे. झालं. नंतर नव्या घरात तीच खोली जशीच्या तशी उभी करायची, म्हणजे अगदी औषधाच्या बाटलीचं लेबल कुणीकडे तोंड करून होतं इथपर्यंत.

बाकीच्या कंपन्या यासाठी मोबाईलवर ढीगभर फोटो काढत. ही हसायची. "फोटोत पडद्यामागचं दिसतं का?" म्हणायची. हिनं तरी पडद्यामागे कुठे पाहिलेलं असायचं? पण डोळे मिटले की ती त्या खोलीत शिरायची, पडदा हातानं बाजूला सारायची, आणि मागे जे असेल ते तिथे असायचं. कसं, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नाही. चालतंय ना, मग कशाला खोदत बसा.

तर एका म्हाताऱ्या घड्याळजीचं काम आलं. आयुष्यभर बारीक काट्यांवर डोळे लावून डोळेच गेलेले. मुलगा आणि सून लहान घरात राहायला चालले होते. सुनेनं मांडणीबाईला बाजूला घेतलं. "बाई, मामंजींचं सगळं पायांना पाठ आहे. पलंगावरून उठतात ते थेट दारात, कुठे चाचपडत नाहीत. त्यांची खोली तेवढी तश्शीच लावून द्या. बाकी घराचं आमचं आम्ही बघू."

मांडणीबाईनं पलंग लावला, कपाट लावलं, रेडिओ लावला. घड्याळं उघडायचं बुटकं टेबल लावलं. मग खिडकीपाशी येऊन थबकली.

"स्टूल कुठाय?"

"कसलं स्टूल?" उचलणाऱ्यांपैकी एकानं विचारलं.

"ठेंगणं. हिरवा रंग उडालेला. एका पायाला पांढरी चिंधी गुंडाळलीय. खिडकीखाली होतं, जरा तिरकं."

ट्रक पुन्हा धुंडाळला. ट्रक तिचा नवराच चालवायचा, त्यानं स्वतः ताडपत्री उचलून पाहिली. स्टूल नाही. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, असलं स्टूल आमच्या घरात कधी नव्हतंच. उचलणारे एकमेकांकडे बघून गालात हसले. मांडणीबाई चुकली, हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. तिचे कान तापले. दुसऱ्या कुठल्या घराचं असेल, झाली सरमिसळ, असं म्हणत तिनं विषय संपवला. जागा मात्र रिकामी ठेवली. तिथे दुसरं काही ठेवायला हात धजेना.

मग म्हाताऱ्याला आणलं. तो पलंगावर बसला, उठला, कपाटाशी गेला, रेडिओची खुंटी फिरवून बघितली, आणि खिडकीकडे निघाला. तिथे पोचता पोचता तो सरळ जायचा थांबला. त्या रिकाम्या जागेला त्यानं अलगद वळसा घातला. जाता जाता एक हात खाली नेला, गुडघ्याच्या उंचीवर जरासा धरला, आणि पटकन मागे घेतला.

"झकास," म्हातारा म्हणाला. "सगळं जागच्या जागी आहे."

मांडणीबाईच्या मनात पाल चुकचुकली. आंधळ्या माणसाचं चालणं ते, असंच असायचं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि पैसे घ्यायला नवऱ्याला पुढे पाठवलं.

२

आता या बाईला आपल्या डोक्याची एवढी मिजास का होती, हे सांगायला हवं. ती मिजास नव्हती. तिच्या घरातली सगळ्यात मोलाची चीज तिथे ठेवलेली होती.

त्यांना एक मुलगी होती. घरात ठकू म्हणत. पुढचे दोन दात पडलेले, नवे यायचे होते. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. मग बाप मोबाईलमधले तिचे फोटो बघत बसायला लागला. जेवताना फोटो, संडासात फोटो, ट्रक चालवतानाही मांडीवर फोटो. एक दिवस भरला ट्रक दुभाजकावर चढला. मागे बसलेली माणसं वाचली ते केवळ नशीब. त्या दिवशी घरी आल्यावर मांडणीबाईनं त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि सगळे फोटो पुसून टाकले. भिंतीवरची तसबीर काढली, शाळेचा फोटो काढला, चुलीत घातले. नातेवाइकांकडे जाऊन त्यांच्याकडचेही पुसायला लावले. बाई आहे की दगड, असं लोक तिच्या तोंडावर म्हणाले. तिनं ऐकून घेतलं.

नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडे आहे ती सगळी. एक केससुद्धा हललेला नाही. तुम्हाला हवी तेव्हा मागा, मी सांगेन. पण गाडीवर असताना नाही."

आणि तिनं शब्द पाळला. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो चहा करायचा, दोन कप घेऊन यायचा, भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा आणि डोळे मिटायचा. "सांग," म्हणायचा. मग हीसुद्धा डोळे मिटायची आणि ठकूचा एखादा दिवस काढून सांगायची. त्या दिवसांना त्यांनी नावं ठेवली होती. चिखलाच्या चपलांचा दिवस. गोंद सांडला तो दिवस. त्याचा सगळ्यात आवडता होता मोज्यांची सकाळ. काही म्हणून घडलं नव्हतं त्या सकाळी. ठकू शाळेला निघताना जमिनीवर बसून मोजे घालतेय, एक मोजा उलटा आहे, खिडकीतून ऊन तिच्या गुडघ्यावर पडलंय. आई दारात उभी आहे. ठकू मान वर करून आईकडे बघते आणि त्या बोळक्या तोंडानं हसते. बस. तेवढंच. पण मांडणीबाई ते असं सांगायची की ट्रक चालवणाऱ्या त्या आडदांड माणसाचा चेहरा मऊ पडायचा. त्याची मुलगी हिच्या डोक्यात राहायला होती आणि तो सुट्टीच्या सुट्टीला तिला भेटायला यायचा.

घड्याळजीच्या कामानंतरच्या सुट्टीला तिनं चिखलाच्या चपलांचा दिवस सांगितला. सगळं ठीक होतं. स्टूलबिल काही नव्हतं. तिला हायसं वाटलं आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

३

पुढचं काम एका दातांच्या डॉक्टरचं होतं. दवाखाना समोरच्या इमारतीत हलवायचा होता. या खेपेला मांडणीबाई डोळ्यांत तेल घालून उभी राहिली. दारातून एकदा पाहिलं, मग आत जाऊन पुन्हा पाहिलं. खिडकीखाली वाकून हात फिरवला. तिथे पायानं उघडायची कचऱ्याची बादली होती. दुसरं काही नव्हतं. बरं, म्हणाली ती, आणि डोळे मिटले.

बादली होती. बादलीच्या शेजारी स्टूल होतं, हिरवा रंग उडालेलं, पायाला चिंधी. आणि स्टुलावर कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरी बाई. केस वर बांधलेले, मानेवर एक बट सुटलेली. खिडकीकडे तोंड करून बसली होती, बसस्टॉपवर बसतात तशी. मांडणीबाईनं डोळे उघडले. कचऱ्याची बादली. भिंतीवर दातांचं चित्र. डॉक्टरची लहान मुलगी खुर्ची वरखाली करायचं बटण दाबत खेळत होती. मांडणीबाईनं पुन्हा डोळे मिटले. बाई जागची हलली नव्हती. पण डोक्यातल्या खोल्यांमध्ये कधी काही हलत नसतं, हे मांडणीबाईला ठाऊक होतं. पडदा तिथे थिजलेला असतो, पंखा फिरता फिरता थांबलेला असतो. या बाईची पाठ मात्र हळूहळू वरखाली होत होती. ती श्वास घेत होती.

"काय झालं गं?" नवऱ्यानं खालून वर येत विचारलं. "पांढरी पडलीस."

"उपाशी आहे," ती म्हणाली.

घरी आल्यावर भांडी घासता घासता ती जुन्या खोल्या उघडून बघत बसली. कधीकाळी लावलेलं एक ग्रंथालय. जुळ्या बहिणींचं स्वयंपाकघर. रंगाऱ्याची माळ्यावरची खोली. वर्षानुवर्षं ज्यांत ती पुन्हा शिरली नव्हती अशा खोल्या. प्रत्येक ठिकाणी खिडकीखाली स्टूल होतं. काही ठिकाणी बाई त्यावर बसलेली होती. काही ठिकाणी स्टूल रिकामं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं, कारण मग ती त्या खोलीत दुसरीकडे कुठे आहे हे बघायला मांडणीबाईची मान वळेना. नळ तसाच वाहत राहिला आणि मोरी तुंबून पाणी बाहेर आलं तेव्हा ती भानावर आली.

४

तिची नणंद कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. एकटी राहायची, पुस्तकांच्या गराड्यात, फटकळ पण मनानं निर्मळ. मांडणीबाईनं कुठे ताकास तूर लागू न देता विचारलं, "ताई, काही माणसांच्या डोक्यात कॅमेरा असतो म्हणतात. एकदा बघितलं की छापलं. खरं असतं का ते?"

"लोकांना आवडतं तसं म्हणायला," नणंद म्हणाली. "लहान पोरांमध्ये थोडंफार काहीतरी असतं, मोठेपणी तेही जातं. तुझी आठवण पक्की आहे, मी नाही म्हणत नाही. तू लक्ष देऊन बघतेस, सवय झालीय. पण तो फोटो नाही गं. फोटो कुणाच्याच डोक्यात नसतो."

"मग काय असतं?"

"तू खोल्या लावतेस ना? तसंच. खोली कुठे जपून ठेवलेली नसते. आठवलं की दर वेळी आपण ती नव्यानं लावतो. आणि लावताना गेल्या खेपेला कशी लावली होती ते बघून लावतो, मूळचं बघून नाही. त्यामुळे जितक्यांदा आठवशील तितकी ती बदलत जाते. आणि गंमत म्हणजे आपल्याला पत्ताच लागत नाही. दर वेळी वाटतं, हेच ते, जसंच्या तसं."

मांडणीबाई म्हणाली, "आणि लावतं कोण?"

"कोण म्हणजे? तूच. तुझं डोकं."

"मी ठेवली नसलेली वस्तू तिथे असली तर?"

"तर तूच ठेवलीस आणि विसरलीस," नणंद हसून म्हणाली. मग तिनं वहिनीचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "वहिनी, ठकूबद्दल विचारतेयस का? मी तेव्हाच म्हटलं होतं, एखादा तरी फोटो राहू दे. ऐकलं नाहीस तू माझं."

मांडणीबाई चपला घालून निघाली. वाटेत तिचं एकच चाललं होतं. बघितलं की बदलतं. म्हणजे बघायचंच नाही. मोज्यांची सकाळ उघडायचीच नाही, कडीकुलूप घालून ठेवायची, म्हणजे निदान तिथे तरी कुणी शिरणार नाही. कुणी म्हणजे काय, कुणी नव्हतंच. आपलंच डोकं. तिनं हे स्वतःला इतक्या वेळा बजावलं की घराची गल्ली मागे पडली.

५

पुढच्या सुट्टीला तिनं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या सुट्टीला कपडे धुवायला काढले. नवरा चहाचे दोन कप घेऊन यायचा, एकट्यानं बसायचा आणि दोन्ही कप गार व्हायचे. तो समजूतदार होता, मागे लागला नाही. पण माणूस उतरत चालला. कामावर कुणाशी बोलेना. एका संध्याकाळी ट्रक धुताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला तिचा चेहरा येईनासा झालाय."

"येईल."

"नाही येत. वजन येतं. खांद्यावर झोपायची ना, ते वजन बरोब्बर येतं, इथे. चेहऱ्याच्या जागी काहीच येत नाही." त्यानं नळी बंद केली. "तुझ्याकडे आहे ना पण?"

"आहे," ती म्हणाली.

आहे की नाही ते बघायला नको? दुसऱ्या दिवशी भर सकाळी, एका मोकळ्या झालेल्या घरात, उचलणारे खाली गेलेले असताना तिनं धीर केला. उघड्याबोडक्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे मागून तरी काही भीती नको, आणि डोळे मिटले.

मोज्यांची सकाळ. ऊन होतं. ठकूचा गुडघा होता, उनात. ठकूचा चेहरा होता, सगळा, हनुवटीवरच्या खरचटल्याच्या खुणेसकट. मांडणीबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. मग तिच्या लक्षात आलं की ठकू दाराकडे बघत नाहीये. ती मान वर करून खिडकीकडे बघतेय आणि तिकडे बघून हसतेय. खिडकीखाली स्टूल होतं. स्टुलावरची बाई पुढे वाकली होती, आणि ठकूनं आपला उलट्या मोज्याचा पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला होता.

मोकळ्या घरात खालून कुणीतरी शीळ घातली. मांडणीबाई डोळे उघडून जिन्याकडे धावली, पण खरं सांगायचं तर पळून नेमकं कुठे जायचं, ते तिलाही कळत नव्हतं.

६

सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं चहा आणला, बसला, आणि या खेपेला तो हटला नाही.

"मोज्यांची सकाळ सांग."

मांडणीबाईनं एक युक्ती योजून ठेवली होती. ती गोष्ट तिनं इतक्या वेळा सांगितली होती की शब्द तोंडपाठ होते. बघायची गरजच नव्हती. ती डोळे उघडे ठेवून पाढे म्हणावेत तसं म्हणायला लागली. ठकू जमिनीवर बसलीय, एक मोजा उलटा आहे.

"बघून सांग," नवरा म्हणाला. त्याचे डोळे मिटलेलेच होते. "तू न बघता सांगतेस ते कळतं मला."

काय करणार. तिनं डोळे मिटले.

ऊन होतं. जमिनीवर एक मोजा पडला होता. ठकू जमिनीवर नव्हती. ती त्या बाईच्या कडेवर होती, पाय दोन्हीकडे सोडून, तोंड तिच्या खांद्यात खुपसून, त्या बाजूला. इकडून नुसती पाठ आणि केस दिसत होते.

बाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. नवरा वाट बघत राहिला आणि मग स्वतःच पुढचं म्हणाला, लहान मुलाला गोष्टीतलं पुढचं आठवावं तसं.

"मग ती बाई मोजा सरळ करते ना?"

"कोण बाई?"

"स्टुलावरची."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय? तूच. पहिल्यापासून सांगतेस की. ती बाई मोजा सरळ करते, ठकूला घालते, मग ठकू हसते." तो जरा थांबला. "मला वाटायचं, तूच ती. स्वतःला लांबून बघतेस, म्हणून बाई म्हणतेस. कधी विचारलं नाही मी."

"मी दारात उभी होते. दारात. ठकू माझ्याकडे बघून हसली होती."

"दाराचं तू कधी काही बोलली नाहीस," तो शांतपणे म्हणाला. भांडायचा सूर नव्हता त्यात. मग म्हणाला, "बरं, राहू दे. चेहरा सांग ना. आज चेहरा सांगितलाच नाहीस."

तेव्हा मांडणीबाईनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. दारातून तिनं त्या खोलीत हाक मारली. मनातल्या मनात, पण जीव तोडून. ठकू, इकडे बघ. बाळा, मी इथे आहे. एकदा बघ.

ठकूनं त्या बाईच्या गळ्यातला हात आणखी घट्ट केला. ती वळली नाही. वळायला लागली ती बाई. आधी मानेवरची बट हलली, मग कान दिसला, मग गालाची कड उनात आली, आणि त्या कडेत हसू सुरू होताना दिसलं, तोंड दिसायच्या आधी.

मांडणीबाईनं डोळे खाडकन उघडले. समोर नवरा बसला होता, भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंड किंचित उघडं टाकून. तहानलेलं माणूस बसतं तसा. त्याच्याकडे बघून तिचं काळीज तुटलं. मुलगी हिची गेली होती, पण त्याची तर हिनं स्वतःच्या हातानं पुसली होती, आणि तारण म्हणून जे ठेवलं होतं ते आता हिच्याकडे नव्हतं.

मग ती सांगायला लागली. उघड्या डोळ्यांनी, पण सावकाश, बघून सांगितल्यासारखं. कपाळ दातांच्या डॉक्टरच्या मुलीचं घेतलं. डोळे, जुळ्या बहिणींच्या स्वयंपाकघरात एक तसबीर होती, तिच्यातल्या कुणा पोरीचे. नाक असंच रस्त्यावर पाहिलेलं. भुवया कुठून आल्या ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. एकेक वस्तू जागेवर ठेवावी, जरा मागे सरून बघावी, पुन्हा पुढे होऊन सारखी करावी, तसा तिनं एक चेहरा मांडला. तेवढी पडलेल्या दातांची फट खरी होती, निदान तिला तसं वाटलं.

नवऱ्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"हो," तो म्हणाला. "अशीच. अगदी अशीच होती."

थोड्या वेळानं त्यानं बाहीनं तोंड पुसलं, बरं वाटलं म्हणाला, आणि खरंच त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटल्यासारखं दिसत होतं. त्यानं दोन्ही कप उचलले. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि जमिनीवर पसरलं होतं. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. स्वयंपाकघराकडे जाताना तो खिडकीपाशी पोचला, कप जरा अंगाशी धरले, आणि त्या मोकळ्या जागेला वळसा घालून आत गेला.